ब्राउझरचा एनर्जी सेव्हर: पत्त्याच्या पट्टीशेजारचं ते पान बंद कधी करायचं आणि कसं?

जून महिन्यातली संध्याकाळ. खालापूर तालुक्यात चौक-रसायनी परिसरातल्या लोधिवलीसारख्या गावात पहिला जोरदार पाऊस सुरू झाला की काय होतं, ते तिथल्या कोणालाही विचारा. वीज चमकते आणि तिच्या पाठोपाठ घरातली वीज जाते. घरात दहावी पास झालेली मुलगी लॅपटॉपवर अकरावीचा फॉर्म भरत बसलेली असते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याचे दिवस आणि कोकणातल्या पावसाचे पहिले दिवस हमखास एकमेकांवर येतात. चार्जरमधून वीज येणं बंद होतं, लॅपटॉप बॅटरीवर चालू लागतो. काही वेळाने क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या पट्टीशेजारी एक छोटंसं झाडाचं पान उगवतं.

ते पान म्हणजे एनर्जी सेव्हर सुरू झाल्याची खूण. यानंतर स्क्रोल करताना स्क्रीन थोडी अडखळते, व्हिडिओ तितका सफाईदार दिसत नाही. घरातलं कोणीतरी म्हणतं, 'ते बॅटरीवालं बंद कर आधी, नाहीतर फॉर्म उडेल.' हे अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक. एनर्जी सेव्हर बंद करणं दोन क्लिकचं काम आहे. पण फॉर्म उडण्यामागे बहुतेक वेळा तो नसतो, आणि चुकीचं बटण बंद करून निर्धास्त बसलं की खरं नुकसान होतं. म्हणून बंद करण्याची पद्धत पाहण्याआधी हे बटण करतं काय, ते पाहू.

एनर्जी सेव्हर नेमकं काय करतो?

गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये क्रोमच्या १०८व्या आवृत्तीबरोबर कॉम्प्युटरसाठी दोन नव्या सोयी जाहीर केल्या: मेमरी सेव्हर आणि एनर्जी सेव्हर. २०२३ च्या सुरुवातीला त्या बहुतेक सगळ्यांपर्यंत पोहोचल्या. कल्पना नवी नव्हती. ऑपेरा ब्राउझरने २०१६ मध्येच बॅटरी सेव्हर आणला होता. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये २०२१ च्या सुरुवातीला 'स्लीपिंग टॅब्ज' म्हणजे झोपणारे टॅब आले, आणि पुढे एफिशियन्सी मोडही आला.

क्रोमचा एनर्जी सेव्हर मुख्यतः दोन गोष्टींवर हात ठेवतो. पहिली, डोळ्यांना दिसणारी हालचाल. स्क्रोल करताना येणारा गुळगुळीतपणा, ॲनिमेशन, व्हिडिओत सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या हे सगळं तो कमी करतो. स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं असेल तर प्रोसेसर आणि ग्राफिक्सला तेवढ्या वेळा जागं व्हावं लागतं. ते कमी वेळा झालं की बॅटरी वाचते. दुसरी गोष्ट, मागे उघड्या असलेल्या टॅबांची खुडबूड. तुम्ही पाहत नसलात तरी बातम्यांचं पेज नव्या जाहिराती आणत राहतं, शेअर बाजाराचं पेज आकडे बदलत राहतं. एनर्जी सेव्हर त्यांना आवरतं घ्यायला लावतो.

२०२५ च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम १३३ पासून हा आवर जास्त कडक झाला. एनर्जी सेव्हर सुरू असेल, टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे असेल, त्यातून आवाज येत नसेल आणि तरीही तो प्रोसेसरला बराच राबवत असेल, तर क्रोम त्याला गोठवतो. गोठवणं म्हणजे बंद करणं नव्हे. टॅब आहे तिथेच असतो, फक्त त्याचं काम थांबतं. तुम्ही त्यावर परत गेलात की पुढे सुरू होतं. कॅमेरा, माइक किंवा स्क्रीन शेअरिंग वापरणारा टॅब यातून वगळलेला आहे. म्हणजे ऑनलाइन मुलाखत किंवा गूगल मीटचा क्लास चालू असताना तुम्ही दुसऱ्या टॅबवर नोट्स बघायला गेलात, तर कॉल गोठणार नाही.

साधारणपणे हा मोड बॅटरी २० टक्के किंवा त्याखाली आली की आपोआप सुरू होतो. सेटिंग बदललं असेल तर चार्जर काढल्या काढल्याही सुरू होऊ शकतो. पावसाळ्यात वीज दर दोन तासांनी जाणार असेल तर या दोन पर्यायांत बराच फरक पडतो. दुसरा पर्याय निवडलेल्या लॅपटॉपवर वीज गेल्या क्षणी पान उगवतं, मग बॅटरी ९० टक्के का असेना.

क्रोममध्ये बंद करताना

तातडीचं काम असेल तर सर्वात सोपा रस्ता: त्या पानाच्या चिन्हावरच क्लिक करा. छोटी चौकट उघडते, तिच्यात 'टर्न ऑफ नाऊ' असं बटण असतं. ते दाबलं की मोड त्या वेळेपुरता बंद होतो. सेटिंग मात्र तसंच राहतं, म्हणजे पुढच्या वेळी बॅटरी उतरली की पान परत दिसेल. बहुतेकांना एवढंच पुरेसं असतं.

कायमचा बंद करायचा असेल तर उजव्या कोपऱ्यातल्या तीन उभ्या ठिपक्यांवर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. डाव्या बाजूच्या यादीत 'परफॉर्मन्स' असं लिहिलेलं दिसेल. यादी दिसत नसेल तर खिडकी लहान झालेली असते. ती मोठी करा किंवा डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा. परफॉर्मन्सच्या पेजवर खाली सरकत गेलात की 'पॉवर' या भागात 'एनर्जी सेव्हर' सापडतो. समोरचं सरकतं बटण मागे घेतलं की काम झालं. क्रोम बंद करून पुन्हा उघडायची गरज नसते.

बंद करायचा नाही पण ताब्यात ठेवायचा आहे, असं असेल तर तिथेच त्याच्याखाली दोन पर्याय असतात: बॅटरी २० टक्के किंवा कमी असतानाच सुरू व्हावा, की चार्जर काढल्यावर लगेच. पहिला निवडा. वारंवार वीज जाणाऱ्या भागात हा पर्याय मोड पूर्ण बंद करण्यापेक्षा जास्त शहाणपणाचा आहे. भरलेल्या बॅटरीवर काम करताना ब्राउझर पूर्ण वेगाने चालतो, आणि बॅटरी खरंच तळाला गेली की मगच हात आखडता घेतो.

चार्जर लावून वीज सुरू झाली की हा मोड आपोआप हटतो, हेही लक्षात असू द्या.

'एनर्जी सेव्हर' नावाचं काही दिसतच नाही

असं होण्याचं नेहमीचं कारण साधं आहे: तो कॉम्प्युटर डेस्कटॉप आहे. ज्या यंत्रात बॅटरीच नाही त्यात बॅटरी वाचवण्याचं बटण दाखवून उपयोग काय, म्हणून क्रोम ते दाखवत नाही. तुमच्या डेस्कटॉपवर व्हिडिओ अडकत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात वेगळीच गंमत होते. वीज जाते, पण लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटमध्ये असतो. लॅपटॉपला वाटतं की वीज आहेच. मग पान उगवत नाही, एनर्जी सेव्हर सुरू होत नाही, आणि लॅपटॉप इन्व्हर्टरची बॅटरी निवांत पीत राहतो. हे वाईट नाही, पण रात्रभर पंखा चालवायचा असेल तर हिशेबात धरावं. याउलट, काही यूपीएस यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडता येतात. तशा जोडलेल्या यूपीएसला विंडोज बॅटरी मानतं आणि डेस्कटॉपवरही खाली बॅटरीचं चिन्ह दाखवू लागतं. डेस्कटॉपवर अचानक बॅटरीचे पर्याय दिसले तर मागची केबल तपासा.

दोन 'सेव्हर', आणि त्यांच्यातला गोंधळ

आता मुख्य मुद्दा. परफॉर्मन्सच्या त्याच पेजवर मेमरी सेव्हर नावाचं दुसरं बटण आहे. नावं जुळ्या भावांसारखी, कामं निरनिराळी. मेमरी सेव्हरचा विजेशी थेट संबंध नाही. चार्जर लावलेला असो, डेस्कटॉप असो, तो काम करतच असतो. बराच वेळ न पाहिलेला टॅब तो मेमरीतून काढून टाकतो. टॅबचं नाव वर तसंच दिसतं, पण आतलं पेज रिकामं झालेलं असतं. तुम्ही परत गेलात की ते पेज इंटरनेटवरून नव्याने उघडतं.

इथेच लोकांची फसगत होते. यूट्यूब पुन्हा उघडला तर काही बिघडत नाही. पण कुठल्याशा सरकारी साइटवर तिसऱ्या पायरीवर असताना ते पेज नव्याने उघडलं, तर साइट पहिल्या पायरीवर आणून सोडू शकते. माणूस म्हणतो, 'बॅटरी सेव्हरने फॉर्म खाल्ला.' तो जाऊन एनर्जी सेव्हर बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच होतं, कारण ज्याने टॅब रिकामा केला तो मेमरी सेव्हर सुरूच असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. टॅबवर परत गेल्यावर पेज गोल गोल फिरत नव्याने उघडलं, तर तो मेमरी सेव्हर. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे तसं सांगणारं चिन्हही येतं, आणि त्यावर क्लिक केलं की किती मेमरी मोकळी झाली होती ते कळतं. पेज होतं तसंच दिसलं, फक्त हालचाल अडखळत असेल आणि वर झाडाचं पान असेल, तर तो एनर्जी सेव्हर.

न्यायाने हेही सांगायला हवं की मेमरी सेव्हर अगदी आंधळा नाही. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड, आवाज किंवा व्हिडिओ, स्क्रीन शेअरिंग, नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट्स आणि पिन केलेले टॅब तो सहसा सोडून देतो. पण 'अर्धवट भरलेला' हे ब्राउझर त्या पेजवरच्या रकान्यांवरून ठरवतो. आधीच्या पायऱ्या भरून झाल्या आहेत, आत्ताच्या पेजवर फक्त कॉलेजांची यादी दिसते आहे आणि तुम्ही दुसऱ्या टॅबवर कॉलेजचे कोड शोधताय, अशा वेळी त्याला काय कळणार?

म्हणून महत्त्वाच्या साइटसाठी मेमरी सेव्हर सरसकट बंद करण्यापेक्षा तिला अपवाद करा. परफॉर्मन्सच्या पेजवर 'ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह' अशी ओळ आहे. तिच्यासमोर 'ॲड' दाबलं की साइटचा पत्ता टाकता येतो. आत्ता उघड्या असलेल्या टॅबांतून निवडताही येतो. प्रवेशाची साइट, बँक, व्हॉट्सॲप वेब, ज्यांच्यावर विसंबून आहात ती तीन-चार नावं टाकून ठेवा. बाकीचे पन्नास टॅब झोपू द्या. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मेमरी सेव्हर पूर्ण बंद केला, तर कॉम्प्युटर इतका मंद होईल की फॉर्म वेगळ्याच कारणाने अडकेल.

मेमरी सेव्हरमध्ये आता मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम असे तीन टप्पेही आहेत. मॅक्सिममवर टॅब लवकर रिकामे होतात. कोणी 'कॉम्प्युटर फास्ट करा' छाप व्हिडिओ पाहून तो निवडला असेल, तर मॉडरेटवर आणा.

एज, फायरफॉक्स आणि इतर

विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर एज आधीपासूनच असतो, आणि बरेच जण त्यालाच 'इंटरनेट' समजून वापरतात. त्यात उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जा आणि 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स' उघडा. तिथे एफिशियन्सी मोड आणि स्लीपिंग टॅब्ज अशी दोन वेगळी बटणं असतात. आवृत्तीनुसार नाव किंवा जागा थोडी बदललेली दिसेल, पण जोडी तीच: एक विजेचं, एक टॅबांचं. एफिशियन्सी मोड बंद केला तरी झोपणारे टॅब चालूच राहतात. टॅब किती वेळाने झोपावा हेही तिथे ठरवता येतं, अगदी ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत. त्याखालीच कधीही झोपवू नयेत अशा साइट्सची यादी असते. एजमध्ये झोपलेला टॅब फिकट दिसतो. ही चांगली सोय आहे, एका नजरेत कळतं.

ऑपेरामध्ये हेच बटण बॅटरी सेव्हर या नावाने सेटिंग्जमध्ये मिळतं. ब्रेव्ह हा क्रोमच्याच पायावर उभा असल्यामुळे वर सांगितलेलं त्यालाही बहुतांशी लागू पडतं.

फायरफॉक्समध्ये क्रोमसारखा एनर्जी सेव्हर शोधत बसू नका. विंडोजवर मेमरी अगदी संपत आली की तो जुने टॅब स्वतःहून मोकळे करतो. ही सोय २०२१ मध्ये फायरफॉक्स ९३ बरोबर आली. मेमरी पुरेशी असेल तर तो त्या वाटेला जात नाही.

मग फॉर्म खरंच कोण उडवतं?

वीज जाते तेव्हा एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात, आणि दोष डोळ्यांसमोर दिसणाऱ्या पानावर येतो. एकेक वेगळं करून पाहू.

वीज गेल्या क्षणी वायफायचा राउटर बंद होतो. हे इतकं उघड आहे की लक्षातच येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, स्क्रीनवर फॉर्म दिसत असतो, पण इंटरनेट गेलेलं असतं. 'सबमिट' दाबलं की पेज फिरत राहतं किंवा चूक दाखवतं. हे ब्राउझरच्या कुठल्याही सेटिंगने सुटणार नाही. फोनचा हॉटस्पॉट लावा, आणि सबमिट दाबण्याआधी दुसऱ्या टॅबवर एखादी साइट उघडून इंटरनेट खरंच चालू आहे ना, हे बघा. फॉर्मचं पेज मात्र रिफ्रेश करू नका.

हॉटस्पॉटवरही एक अडचण आहे. फोनची बॅटरी कमी असेल तर फोनचा स्वतःचा बॅटरी सेव्हर सुरू असतो, आणि काही फोन अशा वेळी हॉटस्पॉट आपणहून बंद करतात. लॅपटॉपमधलं पान काढायच्या आधी फोन तपासा. त्यात भर म्हणजे मोठा वेळ वीज गेली की मोबाइलची रेंजही डगमगू शकते, कारण टॉवरलाही वीज लागतेच. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांना हे जास्त जाणवतं.

दुसरा संशयित म्हणजे साइट स्वतः. बँका आणि सरकारी साइट्स सुरक्षेसाठी ठरावीक वेळ काही हालचाल झाली नाही की तुम्हाला बाहेर काढतात. 'सेशन एक्स्पायर्ड' किंवा 'पुन्हा लॉगिन करा' असं दिसलं, तर हा साइटच्या बाजूचा निर्णय आहे. एनर्जी सेव्हर बंद असता तरी तेच झालं असतं. फार तर इतकं होऊ शकतं की ज्या साइट्स मागे राहून 'मी अजून इथेच आहे' असा निरोप दर मिनिटाला पाठवतात, त्यांचा निरोप टॅब गोठल्यामुळे थांबेल. तसंही मागच्या टॅबांना क्रोम २०२१ पासून, आवृत्ती ८८ पासूनच, लगाम घालतो. पाच मिनिटं मागे राहिलेल्या आणि गप्प असलेल्या पेजचं घड्याळ तो बहुधा मिनिटाला एकदाच वाजू देतो. हा लगाम एनर्जी सेव्हर बंद केल्यानेही सुटत नाही.

म्हणून ज्या पेजवर उलटी मोजणी चालू आहे, उदाहरणार्थ तिकीट बुकिंगची रांग किंवा ओटीपीची वेळ, ते पेज समोरच ठेवा. दुसऱ्या टॅबवर काही बघायचं असेल तर दोन वेगळ्या खिडक्या करून शेजारी शेजारी लावा. विंडोजमध्ये खिडकी ओढून स्क्रीनच्या डाव्या कडेला नेली की ती अर्धी जागा घेते, दुसरी उजवीकडे लावता येते. दिसत असलेल्या खिडकीतला टॅब क्रोम 'मागे' धरत नाही. रील किंवा मोठा व्हिडिओ अपलोड करतानाही हीच युक्ती वापरा. अपलोडची खिडकी मिनिमाइझ करून दुसरीकडे गुंतण्यापेक्षा ती एका कोपऱ्यात दिसत राहू द्या.

आणि तिसरा संशयित सर्वात क्रूर: जुनी बॅटरी. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी २० टक्के दाखवते आणि पाच मिनिटांत स्क्रीन काळी. पान उगवलं आणि लगेच लॅपटॉप बंद पडला, यावरून लोकांना वाटतं की मोडनेच बंद केला. खरं तर तो आकडाच खोटा होता. अशा लॅपटॉपवर पान दिसलं की ते बंद करायच्या भानगडीत न पडता आधी 'सेव्ह' दाबा. लांब मजकूर नोटपॅडमध्ये लिहून मग फॉर्ममध्ये चिकटवायची सवय असेल, तर अशा वेळी निदान तेवढं तरी हातात राहतं.

ब्राउझरमध्ये बंद केला, तरी सगळं मंदच?

विंडोजचा स्वतःचा बॅटरी सेव्हर वेगळा आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत त्याचंही नाव एनर्जी सेव्हर झालं आणि गोंधळात भर पडली. स्क्रीनचा उजेड अचानक कमी झाला असेल तर काम त्याचं आहे, क्रोमचं नव्हे. घड्याळाशेजारच्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की तो बंद करायचं बटण मिळतं. सविस्तर पर्याय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'पॉवर अँड बॅटरी' इथे आहेत. मॅकबुकवर याच कामाचा लो पॉवर मोड सिस्टिम सेटिंग्जच्या 'बॅटरी' भागात सापडतो.

आणखी एक पान आहे. विंडोज ११ च्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोम किंवा एजच्या काही ओळींपुढे हिरवं पान दिसतं. ते पाहून कोणी घाबरून जाऊ नये. विंडोजने त्या कामांना कमी महत्त्वाचा दर्जा दिला आहे, इतकाच त्याचा अर्थ. क्रोमच्या एनर्जी सेव्हरचं बटण बंद केल्याने ते पान जात नाही, आणि ते घालवायची गरजही नसते.

बंद केल्याने काय गमावतो?

'सेव्हर बंद केला तर वीजबिल वाढेल का?' हा प्रश्न हमखास येतो. समजा, या मोडमुळे लॅपटॉप सरासरी दोन वॅट कमी ओढतो आणि तुम्ही रोज पाच तास काम करता. महिन्याचे झाले ३०० वॅट-तास, म्हणजे युनिटच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. महावितरणच्या बिलात ते दिसणारसुद्धा नाही. शिवाय चार्जर लावलेला असताना हा मोड चालतच नाही, म्हणजे ही बचतही फक्त बॅटरीवरच्या वेळेतली. ज्या खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तयार करायला सुरुवात केली, तिथल्या लोकांना युनिट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न बिलाचा नाही, बॅटरीवर मिळणाऱ्या वेळेचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने १३ इंची एम२ मॅकबुक प्रोवरच्या स्वतःच्या चाचणीचे आकडे दिले होते. त्यात एनर्जी सेव्हर सुरू ठेवल्यावर ब्राउझिंगचा सुमारे अर्धा तास वाढल्याचं म्हटलं होतं. तो महागडा, दमदार बॅटरीचा लॅपटॉप. पाच वर्षं जुन्या विंडोज लॅपटॉपवर तेवढं मिळेल अशी अपेक्षा धरू नये. पण पसंतीक्रमाची शेवटची तारीख असताना दहा मिनिटंही थोडी नसतात.

त्यामुळे अशा संध्याकाळी निर्णय कामावर अवलंबून असावा. फॉर्म भरणं, कागदपत्रं चढवणं, ई-मेल, सातबारा काढणं यासाठी स्क्रोलचा गुळगुळीतपणा लागत नाही. पान राहू द्या, ते तुमच्याच बाजूने काम करतंय. ऑनलाइन मुलाखत, समोरच्याला स्क्रीनवर व्हिडिओ दाखवणं, ब्राउझरमधला गेम, व्हिडिओ एडिटिंगची साइट किंवा लाइव्ह प्रक्षेपण असेल तर पानावर क्लिक करून तेवढ्यापुरता मोड बंद करा. कायमचा बंद करण्यासारखी स्थिती क्वचितच येते. लॅपटॉप सदैव चार्जरलाच लावलेला असेल तर तो बंद आहे की सुरू, याने फरकच पडत नाही.

बटण दिसतं पण हलत नाही

सेवा केंद्र, शाळेची लॅब किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असं होतं. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी हा ब्राउझर संस्थेकडून सांभाळला जातो अशा अर्थाची ओळ असेल, आणि बटणाशेजारी इमारतीचं छोटं चिन्ह असेल, तर ते सेटिंग वरूनच कुलूपबंद केलेलं आहे. ते बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्यालाच सांगावं लागेल. यूट्यूबवर दाखवतात तशा रजिस्ट्रीतल्या उचापती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करू नका. आणि स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवर ती ओळ दिसत असेल, तर कुठलं तरी सॉफ्टवेअर न विचारता ब्राउझरमध्ये घुसलेलं असू शकतं. मग एनर्जी सेव्हर राहू द्या बाजूला, आधी अलीकडे टाकलेली एक्स्टेन्शन्स आणि प्रोग्रॅम तपासा.